घटसर्पाची लस टोचली का?

मला एका जागी बसवत नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी सकाळचे दहा वाजले की पाय वळवळायला लागतात. बायको म्हणते, पेपर घ्या आणि गॅलरीत बसा. मी बसतो, आणि पहिलं पान उलटायच्या आत उठलेलो असतो. जन्मभर ज्या कामाची वाट बघत उभा राहिलो ते काम कधी घाई करत नसे, आणि मला मात्र कायम घाई; त्यातून ही खोड लागली असणार. हे लिहायला बसलो तेव्हासुद्धा दोनदा उठून पाणी पिऊन आलोय. जे सांगायचंय ते सांगायला मला आवडत नाही, हेही त्याचं एक कारण आहे.

नांदेडच्या एका प्रयोगशाळेत मी जवळजवळ तीस वर्षं जंतूंची विषं तपासली. लग्नकार्यात कुणी विचारलं, काय करता, की मी म्हणायचो, विषाचं बघतो. समोरचा माणूस जरा सरकून बसायचा. आमचं मूळ उदगीरचं, घरी किराणा दुकान. अप्पांच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि स्वच्छतेचा असा सोस की गूळ तोडायचा सत्तूर रोज घासला जाई. पोरगा शिकून सवरून लोकांचा शेंबूड आणि थुंकी तपासतो, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही. सुट्टीत गेलो की आधी आंघोळ, मग दुकानाची पायरी. फार चिडले की ते कानडीत जात, मग आई मला खुणेनं आत बोलवायची.

आमचं काम असं. आपण म्हणतो जंतूनं माणूस मेला. पुष्कळदा जंतू मारत नाही, त्यानं सोडलेलं विष मारतं. हे विष म्हणजे बहुतेक वेळा एक प्रथिन असतं, डाळीत आणि अंड्यात असतं त्याच जातकुळीचं. जंतू दिसला म्हणजे विष आहेच असं नाही, आणि जंतू मेला म्हणजे विष गेलं असंही नाही. बिलोलीकडच्या एका हलवायाला हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले होते. त्याच्या बासुंदीनं अख्खी पंगत आडवी झाली होती. तो म्हणे, सायेब, तीन तास आटवलीया, जंतू जित्ता राहीलच कसा? खरंच बोलत होता. जंतू खव्यातच वाढला, विष सोडून मोकळा झाला आणि मग कढईत मेला. विष मात्र त्या उकळीला दाद देत नाही. हे त्याला खोटं वाटलं. उरलेली बासुंदी डब्यात घालून तो थेट प्रयोगशाळेत आला आणि आम्ही अडवायच्या आत दोन चमचे खाऊन मोकळा झाला. दुपारी बसस्टँडवरून त्याचा फोन आला. आवाज पार खोल गेला होता. तुमचा रिपोर्ट मान्य हाय म्हणाला.

त्याच्या बासुंदीतलं विष आम्ही पकडलं ती रीत सांगतो, कारण पुढं तीच लागणार आहे. नमुना यंत्रात जोरात फिरवायचा, जंतू तळाशी बसतात, विष वरच्या नितळ पाण्यात राहतं. ते पाणी एक रसायन घालून उकळायचं, म्हणजे प्रथिनांच्या गुंडाळ्या सुटतात. मग खरवसासारख्या थलथलीत वडीच्या एका कडेला त्याचे थेंब सोडायचे आणि वीज लावायची. प्रथिनं पळायला लागतात. लातूरच्या मोंढ्यात गर्दीतून सडपातळ माणूस सटकतो आणि पाठीवर पोतं असलेला मागं अडकतो, तसं लहान प्रथिन पुढं जातं आणि मोठं मागं राहतं. शेवटी हे सगळं एका खास कागदावर उतरवून घ्यायचं आणि आपल्याला हव्या त्या एकाच विषाला धरून बसणारं औषध त्यावर सोडायचं. विष असेल तर रेघ उमटते. नसेल तर कागद कोरा राहतो.

हे सगळं करायची वैशाली, माझी सहकारी. ती हिमायतनगरकडची, शेतकऱ्याच्या घरातली, हात अतिशय स्थिर. माझं काम तिच्या मागं येरझाऱ्या घालायचं. एकदा ती म्हणाली, सर, तुम्ही चालल्यानं वीज जास्त जोरात पळत नाही.

आता फॉर्मविषयी. नमुन्याबरोबर दवाखान्यातून जो कागद यायचा तो पूर्वी इंग्रजीत असे. तालुक्याच्या ठिकाणी तो घाईघाईत भरला जाई, आणि उत्तरं अशी येत की हसावं की रडावं कळेना. मी वर्षभर भांडलो आणि तो कागद मराठीत करून घेतला. एकेक प्रश्न स्वतः लिहिला. पुस्तकी भाषा नको, आपल्याकडच्या बायामाणसांना वाचून दाखवला तर जागच्या जागी कळला पाहिजे, हा माझा हट्ट. डिप्थीरिया शब्द काढला आणि तिथं घटसर्प घातला. आपल्या भाषेत इतका नेमका शब्द असताना परका कशाला, असं मी भर बैठकीत ठणकावून सांगितलं. त्या फॉर्मचा मला इतका अभिमान होता की घरी आणून बायकोला वाचून दाखवला.

त्यानंतर तिसऱ्या पावसाळ्यात लातूरच्या एका दवाखान्यातून थर्मासचा डबा आला. एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती नमुने यायचे, तसाच हा. आत घशातल्या स्रावाची काडी आणि फॉर्म. कोमल, वय आठ, गाव जळकोट तालुक्यातलं. ताप, गिळायला त्रास, घशात करडा पांढरा पापुद्रा. खाली माझा प्रश्न, घटसर्पाची लस टोचली का? पुढं कुणीतरी ठळक अक्षरात लिहिलं होतं, हो.

घटसर्पाचा जंतू घशात बसतो आणि तिथून रक्तात विष सोडतो. ते विष हृदयाच्या स्नायूत शिरतं. त्यावर उतारा आहे, घोड्याच्या रक्तापासून केलेला. तो रक्तात मोकळं फिरणारं विष धरतो, पण जे विष हृदयात शिरून बसलंय त्याला तो काही करू शकत नाही. म्हणून पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, शंका आली की उतारा द्या, तपासणीसाठी थांबू नका. पण हा उतारा तेव्हा लातुरात नव्हता, बाहेरून मागवावा लागणार होता, आणि एखाद्या लेकराला तो उलटतोही. त्यात ही मुलगी लस घेतलेली. आणि या जंतूचे काही भाऊबंद असे असतात की विष सोडतच नाहीत, घशात नुसते पडून असतात.

बुधवारी सकाळी आमच्या जंतू वाढवायच्या ताटलीत काळ्या टिकल्या उगवल्या, म्हणजे जंतू घटसर्पाच्या कुळातला होता. मी लातूरच्या डॉक्टरांना, शबाना मॅडमना, फोन केला. मॅडम तरुण होत्या, पण भारी सावध. त्यांनी सरळ विचारलं, सर, उतारा मागवू का? मी फॉर्म पुढ्यात ओढला. तो 'हो' बघितला.

"लस झालीय ना? मग उद्या दुपारपर्यंत थांबा. विष आहे की नाही ते मी नक्की सांगतो."

नक्की या शब्दाची मला फार आवड होती. मॅडम थांबल्या. जंतूचं औषध त्यांनी चालूच केलं होतं, पण त्यानं जंतू मरतो, सुटलेलं विष तसंच राहतं.

हा जंतू लोह कमी पडलं की विष सोडतो, म्हणून आम्ही त्याला लोह काढून घेतलेल्या पाण्यात वाढवला. गुरुवारी सकाळी वैशालीनं वडीत थेंब सोडले. तो दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो. मी खिडकीपाशी जायचो, परत टेबलापाशी यायचो, पंखा कमी करायचो, वाढवायचो. लस घेतलेल्या लेकराच्या घशात असा पापुद्रा का यावा, हे डोक्यातून जात नव्हतं. उत्तर त्या कागदावरच होतं आणि मी विजेच्या डब्याकडं बघत होतो. चारच्या सुमारास कागदावर रेघ उमटली. पुसट वगैरे काही नव्हती, चांगली जाड होती. वैशाली म्हणाली, सर, विष आहे.

मी फोन लावला. मॅडमना निकाल सांगितला. त्यांनी उतारा मागवायला माणसं लावली, पण त्यांनाही ते लशीचं कोडं सुटेना. मी म्हणालो, बापाकडं कार्ड असेल तर मागा. दहा मिनिटांत माझ्या मोबाइलवर कार्डाचा फोटो आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेलं कार्ड. वर जनावरांच्या दवाखान्याचा शिक्का. कानातल्या बिल्ल्याचा नंबर. जात मुऱ्हा. रंग काळा. घटसर्प, टोचली. फऱ्या, टोचली.

खरं सांगतो, आधी मला हसू फुटलं. मग मी कोमलचा फॉर्म पुन्हा पुढ्यात ओढला.

आपल्याकडं घटसर्प दोन आहेत. एक लेकरांचा, एक गाईम्हशींचा. दोन्हीत गळा सुजतो, म्हणून नाव एकच पडलं, पण जंतू वेगळा आणि लसही वेगळी. गावात लेकरांचा घटसर्प आता कुणी फारसा बघितलेला नाही. जनावरांचा मात्र दर पावसाळ्याआधी सगळ्यांच्या तोंडी असतो, कारण तेव्हा लस टोचणारे गोठ्यागोठ्यात फिरतात. आमच्या घरी म्हैस नव्हती, दूध रतिबाचं यायचं. मला घटसर्प शब्द ठाऊक होता तो पुस्तकातला. आणि मी लिहिलेल्या प्रश्नात 'कुणाला' हा शब्दच नव्हता. घटसर्पाची लस टोचली का? कुणाला टोचली ते विचारायचं मी विसरलो होतो.

वैशाली माझ्याकडं न बघता टेबल पुसत होती. तेव्हा मला आठवलं. फॉर्म तयार होत होता तेव्हा ती मला म्हणाली होती, सर, आमच्याकडं घटसर्प म्हणजे जनावराचा, शेजारी डिप्थीरिया राहू द्या. मी तिला म्हणालो होतो, माणसाच्या दवाखान्यात म्हशीचं कोण कशाला विचारील? ती तेव्हाही पुढं काही बोलली नव्हती आणि आताही बोलली नाही. तिनं मला चार शब्द सुनावायला हवे होते असं अजून वाटतं.

उतारा शुक्रवारी दुपारी नांदेडपर्यंत पोचला. पुढं लातूरला न्यायला माणूस ठरलेला होता, पण मला राहवेना, मीच जीपमध्ये बसलो. वॉर्डात कोमल उशीला टेकून होती. गळा सुजून हनुवटीखाली एकसारखा झाला होता. आईनं चमच्यानं पाणी पाजलं तर ते नाकातून बाहेर आलं. तिनं ते पुसलं आणि लाजून तोंड फिरवलं, एवढं मला दिसलं. मॅडमनी उतारा चालू केला.

बाप दाराशी उभा होता. बालाजी त्याचं नाव, पस्तिशीचा, धुतलेला शर्ट, हातात ती प्लॅस्टिकची पिशवी. लेकराच्या लशी चुकल्या होत्या, कारण कोमल तान्ही असताना ते दोघं निजामाबादकडं वीटभट्टीवर होते. नंतर गावी येऊन म्हैस घेतली आणि दूध घालायला लागले. म्हशीचं मात्र एक टोचण चुकू दिलं नव्हतं त्यानं. मी कुणीतरी मोठा साहेब आहे असं समजून तो पुढं आला.

"सायेब, मला पुसलं घटसर्पाची लस टोचली का, म्या हाव म्हनलो. पोरगी त्याच म्हशीचं दूध पिती, म्हनून इचारत असतील असं वाटलं मला. चुकलं का मपलं?"

कोमलच्या उशाशी बसलेल्या त्याच्या बायकोनं, अनुसयानं, मान वर केली आणि नवऱ्याकडं बघितलं. म्या हाव म्हनलो, एवढंच तिला ऐकू गेलं असावं. मी म्हणालो, तुमचं काही चुकलं नाही, बालाजीराव, आता औषध लागलंय. पुढचं वाक्य जिभेवर होतं, की तो प्रश्न मी लिहिलाय. शेजारी मॅडम होत्या, नर्स होती, दुसऱ्या खाटांवरची माणसं कान देऊन होती. मी घड्याळ बघितलं आणि जीप थांबलीय म्हणून निघालो.

पापुद्रा चार दिवसांत सुटला. ताप गेला. मी रोज फोन करायचो. कोमलनं दूधभाकर मागितली, हे मॅडमनी मला इतक्या आनंदानं सांगितलं की मी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे आणायला निघालो होतो. तिला खाटेवरून हलू देऊ नका, असं मॅडम आईबापांना दिवसातून दहा वेळा बजावत होत्या, कारण हृदयाचा भरवसा नव्हता. दहाव्या दिवशी सकाळी आई नळावर गेलेली, बाप चहा आणायला. कोमलला बरं वाटत होतं. ती उठली, खाटेखालची चप्पल ओढायला वाकली आणि तिथंच पडली. हृदय थांबलं होतं.

बुधवारीच उतारा मागवला असता तर ती वाचली असती का, हे मी मॅडमना विचारलं. सांगता येत नाही, सर, असं त्या म्हणाल्या. त्या चांगल्या डॉक्टर आहेत, खोटं बोलल्या नाहीत. बुधवार ते गुरुवार वाया गेलेली ती वेळ मी अजूनही मोजतो, आणि मोजून काही निघत नाही.

फॉर्म आम्ही त्याच महिन्यात बदलला. एका ओळीचं काम होतं. पण आता जे लिहितोय त्याची मला जास्त लाज वाटते. पुढं मी नर्स आणि लॅबच्या लोकांना शिकवायला ठिकठिकाणी जायचो, आणि प्रश्न नीट विचारा हे ठसवायला ही गोष्ट सांगायचो. कोमल मेली हे शेवटी सांगायचो, पण आधी कार्ड यायचं. बिल्ला नंबर, जात मुऱ्हा, रंग काळा. मी ते रंगवून सांगायचो. हॉल हसायचा. जेवणानंतरच्या तासाला लोक पेंगायला लागले की मी म्हशीचं कार्ड काढायचो. फॉर्म कुणी लिहिला होता, हे मी एकदाही सांगितलं नाही. बाप बिचारा साधा होता, एवढंच म्हणायचो.

निवृत्तीच्या आधी असाच एक वर्ग झाला. सगळे हसले आणि तिसऱ्या रांगेतली एक नर्स हसली नाही. वर्ग संपल्यावर ती माझ्याजवळ आली. ते गाव तिच्या मावशीचं होतं. तुमची गोष्ट तिथं पोचलीय, सर, म्हणाली, त्या माणसाला लोक त्यावरून चिडवतात. आवाज चढवला नाही तिनं. मला नमस्कार करून गेली.

त्यानंतरही मी दोन वर्षं गेलो नाही. कारणं पुष्कळ होती, सगळी फालतू. यंदा पोळा झाल्यावर एके सकाळी बायकोनं मला गॅलरीतून चौथ्यांदा उठताना बघितलं आणि म्हणाली, जिथं जायचंय तिथं एकदाचे जाऊन या. मी जुन्या फॉर्मचा एक कागद कपाटातून काढला, खिशात घातला आणि जळकोटची एस.टी. धरली.

गावात उतरून हॉटेलवर बालाजीचं घर विचारलं. चहा गाळणारा माणूस म्हणाला, कोनता बालाजी, म्हशीचं कार्डवाला का? बाकड्यावरचे दोघं हसले. हसण्याची ती जागा माझ्या ओळखीची होती, मी ती अनेक हॉलांमध्ये आणली होती. मी चहा तसाच ठेवला आणि त्यांनी दाखवलेल्या वाटेनं निघालो.

बालाजीनं मला लगेच ओळखलं. केस पिकले होते. गोठा रिकामा होता, म्हैस त्यानं त्याच वर्षी विकून टाकली होती. त्यानं घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि तो समोर भिंतीला टेकून बसला. मी कागद उघडला. वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. सरळ सांगितलं. हा प्रश्न मी लिहिला. यात 'मुलीला' हा शब्द नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईनं मला सावध केलं होतं, मी ऐकलं नाही. तुम्हाला जे विचारलं त्याचं तुम्ही खरं उत्तर दिलं. तुमच्या उत्तरावर विसंबून एक दिवस थांबा असं मॅडमना सांगणाराही मीच. आणि ती कार्डाची गोष्ट गावोगाव सांगून लोकांना हसवणाराही मीच.

तो कागदाकडं बघत राहिला. शिव्या देईल असं वाटलं होतं; द्याव्यात असंही वाटत होतं. त्यानं विचारलं, म्हंजे म्या हाव म्हनलो ते बरूबर व्हतं? मी म्हणालो, बरोबर होतं. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

मग तो उठला, आतल्या दाराशी गेला आणि त्यानं बायकोला हाक मारली. आतून भांड्यांचा आवाज थांबला. तो माझ्याकडं वळून हळू बोलला.

"सायेब, हे तिला सांगा. पोरगी गेली तवापासून ती मला बोलून न्हाई राहिली. ताट वाढती, पर बोलत न्हाई."

अनुसया दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही, माझ्या हातातल्या कागदाकडं बघितलं. मी कागद तिच्याकडं वळवला आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.